मामी, तो जिवंत आहे!

परभणीतून द्वारका-सोमनाथची गाडी सुटली की तिच्यात एक तरी माणूस असा असतोच ज्याला देवापेक्षा पक्ष्यांत इंटरेस्ट जास्त. आमच्या गाडीत तो मी होतो. जामनगरवरून जाणारच आहोत तर नरारा बेट बघू, एवढंच म्हणलो, तर मामांनी विचारलं, "तिथं मंदिर कुणाचं आहे?"

मंदिर नाही. कच्छच्या आखातातलं मरीन नॅशनल पार्क आहे, १९८२ चं, भारतातलं पहिलं. त्यात ४२ बेटं. पिरोटनला जायचं तर बोट पाहिजे, परवानगी पाहिजे, पण नराऱ्यापर्यंत गाडी जाते, तिथं तिकीट काढायचं, गाईड घ्यायचा अन् ओहोटीला सरळ समुद्राच्या तळावरून चालत सुटायचं. येलदरीचं धरण हाच ज्यांचा समुद्र त्यांना तो दिवसातून दोनदा बाजूला सरकतो हे पटवता पटवता माझा घसा बसला.

खरी अडचण वेळेची. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढं सरकते, म्हणजे कालचं टायमिंग आज चालत नाही, अन् आमच्या मॅनेजरचं तर आजचंही आज चालत नाही. नाश्ता करून निघू म्हणे. पोहे, मग चहा, मग कुणाची तरी चप्पल सापडंना, तोवर समुद्र परत जागेवर. शेवटी मी मामींना म्हणलो की पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, तवा ओहोटीला पाणी लई आत जातं, अष्टमीला तेवढं नाही. तिथीचं नाव काढलं अन् काम झालं. मामींनी पर्समधून पंचांगाची घडी काढली, पौर्णिमा बघितली अन् पहाटे चारला अख्खी बस उठवली. कामून उठवलं, हे विचारायची कुणाची टाप नाही.

मी घरून जीवांच्या फोटोंचा चार्ट लॅमिनेट करून आणला होता. त्याच्यावर चिवडा वाटला गेला. अ‍ॅपला रेंज नाही. बोर्डांचं म्हणाल तर आपली माणसं बोर्ड वाचत नाहीत, त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढतात. कामाला आला तो गाईड. हातात काठी, पायात फाटके बूट, एक दगड हळूच उचलला, खाली बघा म्हणला अन् होता तसा परत ठेवला. खाली ऑक्टोपस. राखाडीचा तपकिरी होत होत आमच्या डोळ्यांदेखत खडकाच्या फटीत ओघळून गेला.

"इसके तीन दिल हैं, खून नीला," गाईड म्हणला.

"तीन-तीन? मग बीपीच्या गोळ्या किती लागत असतील," आत्या म्हणल्या.

मामांचा प्रश्न मात्र ठरलेला, "खातेत का याला?" खेकडा दिसला, खातेत का. स्टारफिश, खातेत का. सी-ककंबर दिसला तेव्हा गाईडनं सांगितलं की हा घाबरला की स्वतःची आतडी बाहेर फेकतो. मग मामा जरा वेळ गप्प बसले. पफर फिश हातात घेतला तर तो पाणी पिऊन टम्म फुगला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर माशाला असा हातात धरूच नये, पण टाळ्यांत माझं कोण ऐकतंय.

तेवढ्यात मामींची पर्स जड झालेली गाईडला दिसली. आत पांढरं, मेंदूसारख्या वळ्यांचं कोरल. "देवघरात ठेवीन, छान दिसंल."

"बेन, ये पत्थर नहीं, जीव ने बनाया है."

मी समजावून सांगितलं की बारीक-बारीक जीव मिळून हे बांधतात, अन् वन्यजीव कायद्यात हे वाघाच्याच यादीत आहे. वाघ म्हणल्यावर मामींनी ते चटका बसल्यागत सोडलं, मग वाकून नीट जागेवर ठेवलं अन् नमस्कार केला. पाणी मागून येत होतं, गाईड ओरडत होता, अन् आमचा नमस्कार संपंना.

परवा सेलूला लग्नात मामा पंगतीत सगळ्यांना सांगत होते, "तो मासा असा हवा भरून फुगतोय!" मी म्हणलो, मामा, हवा नाही, पाणी पितो तो.

मामांनी जिलेबी वाढणाऱ्याला थांबवलं, माझ्याकडं बघितलं अन् म्हणाले, "तू होतास का तिथं?"