अंटार्क्टिकाचं ‘भोक’ आणि कोयनेचे धक्के

कोयना धरणाजवळच्या हेळवाकची मावशी गेले काही दिवस अंगणात खाट टाकून झोपते. कारण व्हॉट्सॲपवरचा तो मेसेज: ‘अंटार्क्टिकात गुरुत्वाकर्षणाला भोक पडलंय, तिथं वजन शून्य होतं, शास्त्रज्ञ नकाशे दडवतात आणि ते भोक जमीन ओढतंय म्हणून कोयना हादरते.’ साताऱ्यातल्या शिकल्यासवरल्या मंडळींनीही तो पुढं ढकललाय.

ओढण्याचंच आधी बघू. गुरुत्वाकर्षण कमी म्हणजे ओढ कमी. मग कमी ओढीची जागा हजारो किलोमीटरवरची कोयना ओढणार कशी? लिहिणाऱ्याला एवढंही सुचू नये? कोयनेचे धक्के वाढले ते धरणात पाणी साठू लागल्यावर. पाण्याचा भार आणि खडकातल्या भेगांत मुरणारं पाणी, हे कारण ११ डिसेंबर १९६७च्या भूकंपापासून अभ्यासलं जातंय. धरणामुळं होणाऱ्या भूकंपांचं जगभर दिलं जाणारं उदाहरण आपलंच आहे. कराडच्या प्रयोगशाळेनं त्यासाठी गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल भोक घेतलं. विचारायचं तर त्या भोकाबद्दल विचारा! मावशीची भूकंपाची भीती खरी आहे, म्हणून तर असल्या मेसेजचा जास्त राग येतो.

वजन शून्य? साठ किलोचा माणूस साताऱ्याहून दक्षिण ध्रुवावर गेला, तर स्प्रिंगच्या काट्यावर पाव किलोच्या आसपास जास्तच भरेल, कारण पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे, म्हणजे तिथं तिचं केंद्र जवळ पडतं, आणि तिच्या फिरण्यानं वजन थोडं घटतं तसं तिथं घटत नाही. नकाशात दाखवतात तो स्थानिक फरक मिलिगॅल या गुरुत्वाकर्षणाच्या बारीक एककात असतो. शंभर मिलिगॅल कमी म्हणजे त्याच माणसाचे सहा ग्रॅम.

खळगा आहे, हे मात्र खरं. रॉस समुद्राच्या बाजूला गुरुत्वाकर्षणानुसार ठरणारी समुद्रपातळी खाली आहे. पृथ्वीच्या पोटातल्या खडकाची घनता सगळीकडे सारखी नाही, म्हणून. पण याहून खोल खळगा, सुमारे १०६ मीटरचा, श्रीलंकेच्या दक्षिणेला आहे. त्यावर मेसेज नाही.

नकाशे दडवण्याबद्दल: विमान, जहाज आणि बर्फावरची मोजणी जोडून केलेला अंटार्क्टिकाचा गुरुत्वनकाशा २०१६ साली प्रसिद्ध झाला. १.३ कोटी नोंदी, खंडाचा ७३ टक्के भाग, आणि माहिती सगळ्यांना खुली. जे सुटलं त्यातलं ऐन ध्रुवाजवळचं गोचे (GOCE) या गुरुत्वाकर्षण मोजणाऱ्या युरोपीय उपग्रहाच्या टप्प्यातही नव्हतं, त्याची कक्षा ध्रुवावरून जातच नव्हती. तिथं २०१५-१६च्या मोसमात विमानं नेऊन मोजावं लागलं.