१०४ विरुद्ध ६

नेरूळच्या आमच्या शाळेच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तरी सनदी अधिकारी तुकाराम मुंढे यांचा विषय निघतोच. वीसहून जास्त बदल्यांचा फॉरवर्ड येतो, खाली हात जोडलेल्यांची रांग लागते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते नवी मुंबईचे महापालिका आयुक्त असताना तिथल्या नगरसेवकांनी त्यांच्यावर अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर केला, तेव्हा इथे अमेरिकेत, सॅन होजेत बसून मीही तावातावाने त्यांच्या बाजूने भांडलो होतो. बाबा तर त्यांच्या ‘वॉक विथ कमिशनर’ला नवे बूट घालून गेले होते!

आता मला वेगळंच खटकतं. ठराव होऊनही मुख्यमंत्र्यांनी मुंढेंना ठेवलं, आणि मार्च २०१७ मध्ये सरकारनेच त्यांना पुण्याच्या बससेवेत, पीएमपीएमएलमध्ये पाठवलं. ठेवणं मंत्रालयातून, हलवणंही मंत्रालयातून. बदल्यांचा २००५ चा कायदा साधारण तीन वर्षं म्हणतो. इथे वर्षही भरलं नाही. आणि १०४ जणांचं म्हणणं चूक की बरोबर, हा प्रश्न शेवटपर्यंत कुणाला पडलाच नाही. (मलाही नाही.)

सॅन होजेत शहराचा कारभार सिटी मॅनेजर बघतो. त्याला नेमते निवडून आलेली कौन्सिल, काढायचं तर तीच काढते. मंगळवारी बैठक असते, कुणीही उठून मिनिट-दोन मिनिटं बोलू शकतं. इथे सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं मात्र नाही. वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्ष बदलला की चारेक हजार राजकीय नेमणुका होतात, आणि निवडणुकीला देणगी देणारे राजदूत होऊन जातात. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोचं अध्यक्षपद कुठल्या आमदाराला मिळणार, या आपल्याकडच्या कुजबुजीची तेव्हा फार आठवण येते.

पण शहराच्या पातळीवर मला इथली रीत पटते. २०२० ला नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे साडेपाच वर्षं नुसता प्रशासक. ‘नगरसेवकच नकोत’ म्हणणाऱ्या आमच्या ग्रुपला हवं होतं ते आयतंच मिळालं होतं. आई मात्र वैतागायची, “अरे, निदान नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन आवाज तरी चढवता यायचा.”

जानेवारी २०२६ ला मतदान झालं. बाबांनी शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. खाली विचारलं, “तुमच्या त्या मॅनेजरचं नाव काय रे?”

मला गुगल करावं लागलं.