सोबत, वस्ती आणि ‘निसर्गनियम’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेतील वंशसंबंधांचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास पुढे येतो आणि आपल्याकडेही तो मोठ्या उत्साहाने इकडून तिकडे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: माणसाला जन्मतःच आपल्या वंशाची ओढ असते आणि तान्ह्या बाळांवरील प्रयोगांतूनही ते दिसले आहे; अमेरिकेत आज कोणावर सक्ती नाही, तरीही गोरे गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीय कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहतात; महाविद्यालयाच्या भोजनगृहात कृष्णवर्णीय मुले आपण होऊन एका टेबलाशी जमतात; लोकांना मुद्दाम मिसळायला लावले की परस्परांवरील विश्वास उलट घटतो; आणि परदेशातले आपले मराठी लोक तरी मंडळे काढून आपल्यातच रमतात ना? म्हणून हा निसर्गनियम आहे आणि त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही, असा त्याचा शेवट.

यातले मूळ निरीक्षण खोटे नाही. पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१३ मध्ये केलेल्या पाहणीत, आपण ज्यांच्याशी महत्त्वाच्या गोष्टी बोलतो अशा माणसांविषयी विचारले असता, सुमारे तीन चतुर्थांश गोऱ्या अमेरिकनांच्या वर्तुळात एकही गोरेतर व्यक्ती आढळली नाही. देशाच्या लोकसंख्येत गोरेतरांचे प्रमाण तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक होते, हे लक्षात घेतले तर हा निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही. वाद आहे तो कारणांविषयी.

प्रथम बाळांचे प्रयोग पाहू. तीन महिन्यांचे बाळ आपल्या वंशाच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहते, असे २००५ मध्ये इंग्लंडमधील एका प्रयोगात खरोखरच आढळले. परंतु त्याच प्रयोगात नवजात अर्भकांमध्ये अशी कोणतीही पसंती आढळली नव्हती, आणि हा अर्धा भाग पुढे पाठवताना नेमका गळतो. लगेच पुढच्या वर्षी इथिओपिया आणि इस्राएल येथील बाळांवर झालेला प्रयोग अधिक बोलका आहे. इथिओपियातील कृष्णवर्णीय बाळे कृष्णवर्णीय चेहऱ्यांकडे आणि इस्राएलमधील गोरी बाळे गोऱ्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ पाहत होती. मात्र इथिओपियातून आलेल्या कुटुंबांतील, इस्राएलमध्ये दोन्ही प्रकारचे चेहरे रोज पाहणाऱ्या बाळांचा कल कोणत्याच बाजूला नव्हता. लहानपणी कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्यांना मोठेपणी आशियाई चेहऱ्यांपेक्षा युरोपीय चेहरे अधिक अचूक ओळखता येत होते, असेही आढळले आहे. याचा अर्थ एवढाच, की बाळ ज्यांच्या अंगाखांद्यावर वाढते त्यांचे चेहरे त्याला सरावाचे होतात. शिवाय एखाद्या चेहऱ्याकडे टक लावून पाहणे म्हणजे त्याच्याशी मैत्री करणे नव्हे, हे घरात लहान मूल असलेल्या कोणालाही सांगायला नको.

दुसरा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण बाकीचे बरेचसे त्यावर उभे आहे: ‘सक्ती नाही, तरीही वस्त्या वेगळ्या आहेत.’ सक्ती होती, ती कागदावर होती, आणि तिच्यावर सरकारी शिक्का होता. १९३३ मध्ये स्थापन झालेल्या होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे जे नकाशे तयार करवले, त्यांत कर्जासाठी ‘धोकादायक’ ठरवलेले भाग लाल रंगात दाखवले जात आणि कृष्णवर्णीयांची वस्ती बहुतेक ठिकाणी त्या लाल रंगातच मोडे. १९३४ पासून गृहकर्जांची हमी घेऊ लागलेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनच्या मूल्यांकनाच्या नियमांत, एका परिसरात विजोड वांशिक गट आल्यास मालमत्तेची किंमत ढासळते, असे गृहीत धरलेले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घर, व्यवसाय किंवा शेतीसाठी सरकारी हमीचे कर्ज मिळू लागले, तेव्हा १९४७ मध्ये मिसिसिपी राज्यातील १३ शहरांत अशी ३,२२९ कर्जे दिली गेली आणि त्यांपैकी कृष्णवर्णीय माजी सैनिकांच्या वाट्याला आली फक्त २. त्याच वर्षी न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाउन ही मध्यमवर्गीयांची प्रचंड वसाहत उभी राहू लागली. तिच्या करारातच घर गोऱ्यांखेरीज कोणाला वापरू न देण्याचे कलम होते. अशी कलमे न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात दिला, तरी व्यवहार बदलला नाही. पेन्सिल्व्हेनियातील दुसऱ्या लेव्हिटटाउनमध्ये १९५७ च्या ऑगस्टमध्ये मायर्स हे पहिले कृष्णवर्णीय कुटुंब राहायला आले, तेव्हा घरासमोर रात्रीमागून रात्री जमाव जमला आणि दगडफेक झाली. घर विकताना किंवा भाड्याने देताना वंशभेद करण्यास मनाई करणारा केंद्रीय कायदा मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात, म्हणजे एप्रिल १९६८ मध्ये झाला.

कायदा झाला म्हणून घरे जागची हलत नाहीत. ज्या आजोबांना १९४७ मध्ये स्वस्त घर मिळाले त्यांच्या नातवंडांकडे त्या घराची वाढलेली किंमत आली. ज्यांना नाकारले गेले त्यांच्या नातवंडांकडे ती आली नाही. अमेरिकेत सरकारी शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो आणि मूल सहसा राहत्या भागातल्या शाळेत जाते. म्हणजे वस्तीने शाळा ठरते, शाळेने बालमित्र ठरतात, आणि वयाच्या चाळिशीत महत्त्वाच्या गोष्टी ज्यांच्याशी बोलायच्या त्यांच्यात बरेचसे त्याच वर्तुळातले असतात. ज्याला घरच मिळू दिले नाही त्याच्याविषयी ‘तो आपल्यातच राहणे पसंत करतो’ असे म्हणणे हा युक्तिवाद नव्हे, तो निव्वळ उर्मटपणा आहे.

पसंतीचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, असेही नाही. डेट्रॉईटमध्ये १९७६ साली केलेल्या प्रसिद्ध पाहणीत लोकांना गोऱ्या-काळ्या घरांच्या वेगवेगळ्या प्रमाणांतील वस्त्यांची चित्रे दाखवली गेली. कृष्णवर्णीयांपैकी बहुतेकांनी निम्मी-निम्मी वस्ती पसंत केली. गोऱ्यांची अस्वस्थता मात्र कृष्णवर्णीयांचे प्रमाण त्याहून बरेच कमी असतानाच सुरू होत होती. येथे अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांचे १९७१ चे प्रतिमान आठवते. आपल्या शेजाऱ्यांपैकी निदान एक तृतीयांश आपल्यासारखे असावेत, एवढीच माफक अपेक्षा प्रत्येकाने धरली आणि ती पुरी होईना म्हणून जागा बदलली, तरी पटावर मांडलेल्या दोन रंगांच्या सोंगट्या अखेर बऱ्याच अंशी विलग होतात, असे त्यांनी दाखवले. विलगतेच्या प्रमाणावरून आवडीचे प्रमाण काढता येत नाही, हे त्यातून शिकायचे. तुम्हाला संपूर्ण गोरी वस्ती दिसते याचा अर्थ तिथल्या प्रत्येकाला संपूर्ण गोरी वस्तीच हवी होती, असा होत नाही.

आता ते भोजनगृहातले टेबल. कृष्णवर्णीय मुलांचे टेबल सगळ्यांच्या नजरेत भरते. त्याच दालनात केवळ गोऱ्या मुलांची कितीतरी टेबले असतात, त्यांच्याकडे बोट दाखवून कोणी निसर्गनियम सांगत नाही. एका अमेरिकी महाविद्यालयातील सुमारे १,६०० विद्यार्थ्यांच्या समाजमाध्यमांवरील छायाचित्रांवरून त्यांच्या मैत्रीचे जाळे तपासणारा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा होता, की वरवर वांशिक दिसणाऱ्या एकजिनसीपणाचा मोठा भाग वंशाने घडवलेला नसतो. मित्राचा मित्र आपलाही मित्र होतो, कोणी मैत्रीचा हात पुढे केला की आपणही करतो, आणि या दोन साध्या सवयी सुरुवातीचा थोडासा कल कितीतरी पटींनी वाढवतात. शिवाय ‘आशियाई’ म्हणून जी जवळीक मोजली जाते, ती बरीचशी चिनी मुलांची चिन्यांशी आणि भारतीय मुलांची भारतीयांशी असलेली जवळीक असते. वंशाची थोडी ओढ उरते, हे त्या अभ्यासानेही नाकारलेले नाही आणि मीही नाकारत नाही. शालेय मुलांच्या मैत्रीविषयी २००१ मध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या शाळांत खेळ, वाद्यवृंद, नाटक अशा उपक्रमांत वेगवेगळ्या वंशांची मुले एकत्र येत, तेथे मैत्रीतील वांशिक विभागणी कमी आढळली.

आणखी एक गोष्ट या दाव्यात सरसकट झाकली जाते. बहुसंख्याकांनी आपल्यात राहणे आणि अल्पसंख्याकांनी आपल्यात बसणे या दोन सारख्या क्रिया नाहीत. दिवसभर वर्गात एकटाच असणाऱ्या, केसांपासून उच्चारांपर्यंत प्रत्येक गोष्टीचा खुलासा करत फिरणाऱ्या मुलाला जेवणाचा अर्धा तास खुलाशाविना घालवावासा वाटला, तर त्यात दुसऱ्याला वगळण्याचा हेतू असेलच असे नाही. तो थकवा आहे.

मिसळण्याने विश्वास घटतो, या मुद्द्यासाठी राजकीय शास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांच्या २००७ मधील निबंधाचा हवाला दिला जातो. अधिक विविधता असलेल्या वस्त्यांत लोक परस्परांवर कमी विश्वास ठेवतात, असे त्यांना आढळले, हे खरे. परंतु त्याच निबंधानुसार अशा ठिकाणी लोकांचा आपल्याच वंशाच्या माणसांवरचा विश्वासही कमी होता. माणूस ‘आपल्यांकडे’ वळतो असे नव्हे, तो सर्वांपासूनच अंग चोरतो. हे तर निसर्गनियमाच्या दाव्याच्या विरुद्ध जाते. पटनम यांनी स्वतः हा परिणाम नजीकच्या काळापुरता मानला आणि दीर्घकाळात नव्या, व्यापक ओळखी घडतात असे प्रतिपादन केले.

शेजारी राहणे आणि सोबत काम करणे यांत फरक आहे, हे मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते: दर्जा समान, उद्दिष्ट एक, परस्परांवर अवलंबून काम आणि वरिष्ठांचा पाठिंबा असेल तर संपर्काने पूर्वग्रह ओसरतो. याचा सर्वांत ठसठशीत दाखला अमेरिकी सैन्याने दिला, तोही नकळत. १९४५ च्या आरंभी युरोपात मनुष्यबळ कमी पडले म्हणून दोन हजारांहून अधिक कृष्णवर्णीय स्वयंसेवकांच्या तुकड्या गोऱ्या सैनिकांच्या कंपन्यांना जोडल्या गेल्या. नंतर सैन्यानेच केलेल्या पाहणीत, ज्या दलांत अशा तुकड्या नव्हत्या तेथील ६२ टक्के गोऱ्या सैनिकांना ही कल्पना अतिशय नापसंत होती. ज्यांच्या कंपनीत त्या प्रत्यक्ष लढल्या होत्या, त्यांच्यात हेच प्रमाण ७ टक्के होते. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यातील वंशभेद संपवण्याचा आदेश त्यानंतर तीन वर्षांनी, २६ जुलै १९४८ रोजी काढला.

राहता राहिला आपला स्वतःचा दाखला. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. गणपती, नाटक, दिवाळी अंक, मुलांसाठी मराठी शाळा यांसाठी लोक तेथे येतात. जर जोडणारा दुवा वंशाचा असता, तर न्यू जर्सीत मराठी, गुजराती, तेलुगू आणि तमिळ माणसांच्या वेगवेगळ्या संस्था कशाला लागल्या असत्या? अमेरिकी जनगणनेच्या लेखी तर आपला वंशही स्थिर राहिलेला नाही: १९२० ते १९४० या काळात भारतीयांसाठी ‘हिंदू’ असा वंशच होता, १९७० मध्ये ते गोऱ्यांत मोजले गेले आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ झाले. दरम्यान, अमेरिकेत स्थायिक झालेले पंजाबी गृहस्थ भगतसिंग थिंड हे गोरे नाहीत आणि म्हणून नागरिकत्वाला पात्र नाहीत, असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये देऊन ठेवला होता.

त्याच काळात कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांची हकिकत ‘स्वाभाविक ओढी’विषयी बोलणाऱ्यांनी जरूर वाचावी. मायदेशातून बायकोला आणायला आगमनविषयक कायद्यांची आडकाठी होती, आणि गोऱ्या स्त्रीशी लग्न करायला राज्याच्या कायद्याची. परवाना देणाऱ्या कारकुनाच्या दृष्टीने पंजाबी पुरुष आणि मेक्सिकन स्त्री मात्र दोघेही सावळेच होते, त्यामुळे ही लग्ने होऊ लागली आणि त्यांतून पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांचा एक समाजच उभा राहिला. घरात स्पॅनिश बोलली जाई, मुले बहुधा कॅथलिक म्हणून वाढत आणि वडील बहुतेक शीख असत. १९४६ च्या कायद्याने भारतीयांसाठी आगमनाची आणि नागरिकत्वाची वाट थोडी खुली केली आणि अशा लग्नांची गरज ओसरली. माणसे तीच होती. बदलला तो कायदा.

जाता जाता हेही सांगायला हवे, की वंशाचा प्रश्नच नसलेल्या, एकच भाषा बोलणाऱ्या महाराष्ट्रातील गावांत पिढ्यान्पिढ्या पाणवठे आणि पंगती वेगळ्या होत्या. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि पुढे अनंत हरी गद्रे यांना झुणका-भाकर सत्यनारायण घालून लोकांना एकत्र बसवावे लागले. कातडीचा रंग तेथे आड येत नव्हता, तरी भिंत होतीच.

शेवटचा मुद्दा ‘हे बदलत नाही’ असा आहे. गॅलप या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेच्या पाहण्यांनुसार गोऱ्या-काळ्यांच्या विवाहाला पसंती देणारे अमेरिकन १९५८ मध्ये ४ टक्के होते आणि २०२१ मध्ये ९४ टक्के. मनातली पसंती आणि प्रत्यक्ष कृती यांत अंतर असते, म्हणून विवाहांचेच आकडे पाहू. आंतरवंशीय विवाहांवरील उरलेल्या १६ राज्यांतील बंदी सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग खटल्यात रद्द केली त्या १९६७ मध्ये, नवविवाहितांपैकी ३ टक्क्यांचा जोडीदार वेगळ्या वंशाचा किंवा वांशिक गटाचा होता. २०१५ मध्ये हे प्रमाण १७ टक्के झाले, असे प्यू रिसर्च सेंटरची आकडेवारी सांगते. त्याच आकडेवारीत शहरांची तुलनाही आहे. होनोलुलूमध्ये अशा नवविवाहितांचे प्रमाण ४२ टक्के आणि मिसिसिपीतील जॅक्सनमध्ये ३ टक्के. जॅक्सनमध्ये दुसऱ्या वंशाची माणसे भेटतच नाहीत, असेही म्हणता येत नाही, कारण त्या महानगर परिसरात गोरे आणि कृष्णवर्णीय जवळपास निम्मे-निम्मे आहेत. ज्यांना निसर्गनियमच मानायचा असेल, त्यांनी तो होनोलुलूत एक आणि जॅक्सनमध्ये दुसरा का, याचे उत्तर द्यावे. मिसिसिपीच्या इतिहासात ते शोधायला गेले तर मात्र ३,२२९ कर्जांपैकी त्या २ कर्जांपाशी यावे लागेल.