नको असलेले पत्र नियमात बसवून कसे पाठवावे

अनोळखी माणसांना ईमेल पाठवून व्यवसाय वाढवणाऱ्या आपल्यासारख्या उद्योगी मंडळींना अलीकडे किती सोसावे लागले आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. फेब्रुवारी २०२४पासून जीमेल आणि याहू यांनी घाऊक प्रेषकांवर नव्या अटी घातल्या, मे २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या खात्यांसाठी तशाच अटी लागू केल्या, आणि बोलावल्याशिवाय जाणे पूर्वीइतके सोपे राहिले नाही. तरीही धीर सोडू नये. मागच्या तीन आठवड्यांत एका कंपनीने मला चार वेगवेगळ्या डोमेनवरून (म्हणजे ईमेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावांवरून) सात ईमेल पाठवले, आणि तांत्रिकदृष्ट्या त्यांतले प्रत्येक निर्दोष होते. त्या कंपनीकडून मी जे शिकले, ते आपल्या हवाली करते.

सर्वप्रथम आपली कागदपत्रे चोख ठेवावीत. आपल्या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात हे एसपीएफ सांगते, पत्रात वाटेत फेरफार झालेला नाही याची ग्वाही डीकेआयएमची डिजिटल सही देते, आणि या तपासण्यांत नापास झालेल्या पत्राचे काय करावे हे डीमार्कमध्ये लिहिलेले असते. तिथे ‘काहीही करू नये’ असे लिहिले तरी किमान अट पूर्ण होते, हे ऐकून आपल्याला हायसे वाटेल. या सगळ्या खटाटोपातून आपण कोण आहात एवढेच सिद्ध होते. आपल्याला बोलावले कोणी होते, हे कोणतेही यंत्र विचारत नाही. भामट्याने ओळखपत्र गळ्यात घालून यावे, एवढीच अपेक्षा आहे.

विषयाच्या ओळीआधी ‘रि:’ लिहावे, म्हणजे कधीच न झालेला संवाद पुढे चालू होतो.

पत्रात दडवलेले चित्र किती जणांकडे उतरले यावरून पत्र किती जणांनी उघडले याचा आकडा काढतात, तो रोज पाहून प्रसन्न व्हावे. २०२१पासून ॲपलचे मेल ॲप पत्रातली चित्रे स्वतःच आधी उतरवून ठेवू शकते, त्यामुळे ज्यांनी पत्राकडे ढुंकूनही पाहिले नाही तेही वाचकांत मोजले जातात.

आता संख्येचा प्रश्न. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर चोवीस तासांत सुमारे ५,००० पत्रे गेली की आपण घाऊक प्रेषक ठरता, उपडोमेनवरून गेलेली पत्रेही त्याच हिशेबात धरली जातात, आणि एकदा बसलेला हा शिक्का नंतर कितीही सौजन्याने वागलात तरी पुसला जात नाही. यावरचा साधा उपाय म्हणजे कमी पत्रे पाठवणे. पण तो अर्थातच आपल्यासाठी नाही. आपण कंपनीच्या नावाला पुढेमागे एखादे शेपूट जोडून दहा-बारा डोमेन विकत घ्यावीत, प्रत्येकावर दोन-तीन खाती उघडावीत आणि प्रत्येक खात्यावरून दिवसाला तीस-चाळीस पत्रे सोडावीत. नवी खाती संशयास्पद दिसू नयेत म्हणून त्यांचे ‘वॉर्म-अप’ करावे, म्हणजे यंत्राने यंत्राला पत्र लिहावे, दुसऱ्या यंत्राने ते स्पॅममधून उचलून इनबॉक्समध्ये ठेवावे आणि आभाराचे उत्तर धाडावे. आपल्या पत्रांना मनापासून उत्तर देणारे या व्यवहारात तेवढेच असतात.

तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे, आणि शक्यतो ०.१ टक्क्याच्याही, असे गूगल सांगते. म्हणजे हजारात तिघांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले तरी आपण धोक्यात येता. उरलेल्या ९९७ जणांनी मुकाट्याने पत्र पुसले, तर ते समाधानी आहेत असे धरून चालावे.

सर्वांत नाजूक बाब आहे ती नाव काढून टाकण्याची. घाऊक जाहिरातपत्रांत एका क्लिकवर सदस्यत्व रद्द करण्याची सोय असली पाहिजे आणि ती विनंती दोन दिवसांत अमलात आली पाहिजे, असे जीमेल आणि याहू म्हणतात. अमेरिकेच्या २००३च्या कायद्याने यासाठी कामकाजाचे दहा दिवस दिले होते, आणि व्यवसायाने व्यवसायाला पाठवलेल्या पत्रांनाही त्यातून सूट नाही. पण आपल्यासारख्या कल्पक माणसाने बटण द्यावेच कशाला? पत्राच्या शेवटी ‘रस नसल्यास फक्त “नको” असे कळवा’ एवढी नम्र ओळ लिहावी. सभ्य माणूस ‘नको’ कळवतो. मीही कळवले. त्या कंपनीला मला विकायची होती ती कर्मचाऱ्यांची हजेरी नोंदवणारी प्रणाली. मी घरी बसून एकटीच भाषांतरे करते. माझ्याकडे मी सोडून एकही कर्मचारी नाही, आणि माझी हजेरी मला ठाऊक असते. हे सगळे मी दोन ओळींत लिहिले. पाठवलेल्या पत्राला माणसाने उत्तर दिले की प्रेषकाची पत वाढते, असे या धंद्यातले लोक एकमेकांना शिकवतात, हे मला नंतर समजले. म्हणजे माझा नकार त्यांच्या भांडवलात जमा झाला. चार दिवसांनी दुसऱ्या डोमेनवरून पत्र आले, ‘माझे आधीचे पत्र आपल्या नजरेतून सुटले असावे.’ ते सुटले नव्हते, त्याला उत्तर गेले होते! या खेपेस बटण होते, ते मी दाबले, आणि त्या डोमेनने माझी विनंती अगदी वेळेत पाळली. पुढचे पत्र तिसऱ्या डोमेनवरून आले. त्यात, मी उत्तर देत नाही यावरून मी कामात फार बुडालेली दिसते, अशी सहानुभूती होती. सातवे पत्र निरोपाचे होते. ‘यापुढे मी आपल्याला त्रास देणार नाही,’ असे त्यात लिहिले होते, आणि खाली भेटीची वेळ ठरवण्यासाठी दुवा होता. निर्लज्जम् सदासुखी म्हणतात ते हेच.

त्याच आठवड्यात एका जुन्या ग्राहकाला मी पाठवलेले दरपत्रक त्याच्या स्पॅममध्ये नऊ दिवस पडून राहिले. माझे एसपीएफ, डीकेआयएम सगळे जागेवर आहे, मी दिवसाला जेमतेम दहा पत्रे लिहिते, आणि हे पत्र त्याने स्वतः मागितले होते. तोवर काम दुसऱ्याकडे गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तेव्हा आता उपरोध बाजूला ठेवते. तुमच्यामुळे चाळण्या इतक्या बारीक कराव्या लागल्या आहेत की मागवलेली पत्रेही त्यांत अडकतात, आणि तुम्ही मात्र प्रत्येक नव्या नियमाकडे पळवाट शोधायचे गणित म्हणून पाहता. दहा डोमेन विकत घेणे ही हुशारी नव्हे, ती फसवणूक आहे. पहिल्या डोमेनवर मिळालेला नकार तुम्ही वाचलेला असतो, म्हणूनच तुम्हाला दुसरे लागते. विकत घेतलेल्या यादीतल्या माणसाने तुम्हाला कधीही परवानगी दिलेली नसते आणि हे तुम्हाला पक्के ठाऊक असते. माल चांगला असेल तर ज्यांनी पत्ता स्वतःहून दिला आहे त्यांनाच लिहा, आणि असे कोणी नसेल तर आधी ते मिळवा. त्याला वेळ लागतो, लागू द्या. माझे नाव तुमच्या सगळ्या याद्यांतून, सगळ्या डोमेनवरून आजच काढून टाका, आणि काढल्याचे कळवण्यासाठी मला आठवे पत्र पाठवू नका.