परभणीकर भाऊ, तुमच्या कमेंटबद्दल

परभणीकर भाऊ, कमेंट वाचली. 'नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, जिकडं बघावं तिकडं खड्डे, बीबी का मकबरा म्हणजे ताजची स्वस्तातली कॉपी, आणि तुम्ही संभाजीनगरचं सौंदर्य काय सांगायलात, खेड्यातला माणूस लायटिंग बघून भुलतोच,' असं तुमचं म्हणणं.

पाण्याचं खरंय, त्यावर वाद नाही, ड्रम आमच्या पण गॅलरीत आहेत. पण भुललो म्हणता ते काही पटलं नाही बुवा. आलो तेव्हा मला हे शहर आवडतच नव्हतं, वाळूजची ड्युटी आणि रूम, शनिवार आला की गावाकडची एसटी.

नजर बदलली ती पाण्यामुळंच बघा. पाणचक्कीला लोक हौदातले मासे बघतात, सेल्फी काढतात अन् निघतात. त्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या मोठ्या दालनाचं छत आहे, वर पाणी खाली माणसं, उन्हाळ्यात गार राहावं म्हणून. आणि ते पाणी यायचं लांब डोंगराकडून, जमिनीखालच्या खापरी नळांतून, मोटार नाही लाईट नाही, नुसता उतार आणि दाब, त्यावर जातं फिरायचं आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी पीठ निघायचं. त्याच्याही आधी, 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवणाऱ्या मलिक अंबरनं पाण्याची नहर आणलेली. हे कळल्यावर रस्त्यानं चालताना पायाखाली काय काय असेल असंच वाटायला लागलं (खड्डा सोडून).

आता मकबरा. संगमरवर खाली थोडा आणि वर घुमटाला, मधे सगळा आपला काळा दगड, त्यावर गिलावा. कमी पैशातलं काम, मान्य. पण एकदा जवळ जाऊन संगमरवर संपतो ती रेघ शोधा आणि तिथून वर नजर न्या, चुन्यातली वेलबुट्टी अशी काढलीय की दगड लपवलाय हे विसरूनच जातो माणूस. ज्याच्याकडं पैसा कमी पण हात चांगला, त्या कारागिराचं काम आहे ते. मला तरी ताजपेक्षा हेच जवळचं वाटतं, आता याला तुम्ही मराठवाड्याचा अभिमान म्हणा नाहीतर हट्ट म्हणा.

पावसाळ्यात या, सकाळी गोगाबाबा टेकडीवर जाऊ, मग जुन्या शहरात नान-खलिया खाऊ आणि तिथं भांडू. तोवर एकच विचारतो, 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणताना तुम्ही कधी खड्डे मोजलेत का?