सकाळचा आकडा बघून डोस वाढवू नका

दवाखान्यातून घरी आल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. कुकरही लावलेला नाही अजून. आधी हे लिहिते.

मन्याला, माझ्या डायबेटिसवाल्या बोक्याला, दाखवायला गेले होते. शेजारच्या बाकावर पंचविशीचा एक मुलगा, मांडीवर बास्केट, आत करडी मांजर. मान कलंडलेली, हनुवटी लाळेने ओली. काय झालं रे, म्हटलं. "काकू, डायबेटिस आहे. सकाळी शुगर चारशेच्या खाली येतच नाही, म्हणून इन्शुलिनचा डोस वाढवत गेलो. सोमवारी एक युनिट होतं, आज चार दिलं." आज गुरुवार! मी ओरडलेच त्याच्यावर. आधी त्याच्यावर, मग काउंटरवर, की नंबर राहू द्या, हिला आत घ्या. घेतलं लगेच.

तो रिकाम्या हातांनी उभा होता. "मला कोणी सांगितलंच नाही हो," एवढंच म्हणाला. माझा सगळा राग तिथेच गळून पडला, कारण गेल्या मार्चमध्ये मी तेच केलं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. मन्या ओट्याखाली सिलिंडरला टेकून पडलेला. मागचे पाय धरत नव्हते, डोळे उघडे पण बघत नव्हता. साखर ३८. सकाळी ३८७ होती म्हणून मी पाच दिवसांत एकाचे तीन युनिट केले होते. कोणाला न विचारता. काळजीपोटीच केले, पण केले.

इन्शुलिन मांजराला बारा तासांनी देतात आणि सकाळी सुई टोचण्याआधी आधीच्या डोसचा जोर संपत आलेला असतो. तेव्हा आकडा चढाच दिसणार. खरा प्रश्न असा की मधल्या वेळात साखर खाली कुठवर उतरते? डोस त्या तळावरून ठरतो. तळ न बघता वाढवलं की दुपारी, तुम्ही ऑफिसात असताना, मांजर कोसळतं. आणि कधी कधी साखर फार उतरली की शरीर घाबरून साठवलेली साखर रक्तात सोडतं. दुसऱ्या दिवशी आकडा आणखी चढा, की आपण आणखी वाढवतो. एकदा वाढवलं की निदान पाच-सात दिवस थांबायचं असतं, आणि वाढवायचं तेही पाव किंवा अर्धं युनिट, डॉक्टरांशी बोलून. पाच-सहा किलोच्या जिवाला एक युनिट म्हणजे चिमूटभर नव्हे.

मला राग कशाचा येतो सांगू? पहिल्या दवाखान्यात मला काय सांगितलं होतं, तर "सकाळ-संध्याकाळ एक युनिट, महिन्याने दाखवा." संपलं. घरी रक्त कसं तपासायचं, साखर उतरली तर काय करायचं, अवाक्षर नाही. दवाखान्यात भेदरलेल्या मांजराची साखर तशीही शे-दोनशेने उडी मारते, त्या आकड्यावरून काय कळणार? मान्य, तिथे रांग असते, एकेकाला अर्धा तास देता येत नाही. पण कागदावर चार ओळी लिहून देता येतात ना?

सिरिंजचंही तेच. १०० च्या इन्शुलिनला (म्हणजे एका मिलीत १०० युनिट) नारिंगी टोपीची, ४० च्याला लाल टोपीची. १०० चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एकाच्या रेघेपर्यंत भरलंत, तर मांजराच्या पोटात अडीच युनिट जातात. केमिस्टने मला एकदा लाल दिली, वर "सगळ्या सारख्याच असतात ताई." नसतात! बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दरवेळी जुळवून घ्या.

तर मार्चमधली ती दुपार. आईने मधाची बाटली आणली. मी बोटाने मन्याच्या हिरड्यांना मध चोळत होते. घशात ओतायचा नाही, श्वासनलिकेत जातो. रिक्षातही चोळत होते. बोटाला त्याचे दात लागले तेव्हा मला रडू फुटलं, कारण तोवर तो चावतही नव्हता.

वाचला. दुसऱ्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, डोस पुन्हा एकावर आणला आणि काही दिवसांनी म्हणाले, एक रविवार घरी बसा, दर दोन तासांनी साखर लिहा. बाबांचं जुनं ग्लुकोमीटर होतं. माणसांचं यंत्र मांजराची साखर जरा कमीच दाखवतं, पण दरवेळी तेच यंत्र वापरलं की चढउतार कळतो. कोमट रुमालाने कान शेकायचा, मागे कापूस धरायचा, कडेला टोचायचं. मोहरीएवढा थेंब पुरतो. बाबांच्याच डायरीत लिहिलं: आठला ३४०, दहाला २६२, बाराला १७१, दोनला १०४, चारला १३८, सहाला २३६, आठला ३१८.

ते १०४ बघून मी सुन्न झाले. एका युनिटवर त्याची साखर १०४ पर्यंत उतरत होती. डोस बरोबरच होता! आणि मी त्याला तीन दिलं होतं.

बारा तास घरी बसणं सगळ्यांना परवडत नाही, कळतं मला. मग निदान सुईनंतर सहा तासांनी एकदा कोणाला तरी बघायला सांगा. आणि मांजराने खाल्लं नसेल तर नेहमीचा डोस टोचून मोकळे होऊ नका, आधी डॉक्टरांना फोन करा. "माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराला" म्हणणाऱ्यांशी मला आज वाद घालायचा नाही.

त्या मुलाला ओरडले त्याबद्दल मी माफी मागितली. बाबांच्या डायरीतलं ते पान फोटो काढून त्याला पाठवलंय. त्याची मांजर आज रात्री दवाखान्यातच आहे, सलाइनवर. संध्याकाळी मान उचलून बघत होती म्हणाला. सकाळी फोन करतो म्हणालाय.