डी-टाइप आणि ३०० एसएलआर : आपल्या आक्षेपांना उत्तर

सप्रेम नमस्कार. १९५५ च्या ल माँ (फ्रान्समधील २४ तासांची मोटारशर्यत) शर्यतीत जॅग्वार डी-टाइप ही रेसिंग गाडी मर्सिडीज ३०० एसएलआर या प्रतिस्पर्धी गाडीपेक्षा वेगवान ठरली, या माझ्या विधानावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. भीषण अपघातानंतर मर्सिडीजने रात्री माघार घेतली तेव्हा तिचे चालक फान्जिओ आणि मॉस यांची गाडी दोन फेऱ्यांनी पुढे होती, ही गोष्ट मी गाळली, हा पहिला. आणि डी-टाइप ही केवळ लांब, सरळ, गुळगुळीत रस्त्याची गाडी होती, हा दुसरा.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. ती आघाडी न सांगता जॅग्वारच्या विजयाचा दाखला देणे चूकच होते. लेखात तशी दुरुस्ती करतो. मात्र एका फेरीचा वेग आणि तासन्‌तास टिकवलेली आघाडी यांची मापे वेगळी असतात. त्या शर्यतीतील सर्वांत जलद फेरी, ४ मिनिटे ६.६ सेकंदांची, जॅग्वारचा चालक हॉथॉर्न याने डी-टाइपमध्येच नोंदवली.

यात ब्रेकचा वाटा मोठा होता. सुमारे ६ किलोमीटरच्या सरळ रस्त्यावरून भरधाव आलेल्या गाडीला म्यूल्सानच्या वळणावर वेग एकदम उतरवावा लागे. जॅग्वारच्या डिस्क ब्रेकची चकती उघड्या वाऱ्यावर असल्याने लवकर निवत असे. उलट मर्सिडीजच्या ड्रम ब्रेकमधला ड्रम (चाकाबरोबर फिरणारे पिंप) तापला की फुगून त्याला आतून घासणाऱ्या ब्रेक-शूपासून दूर जातो आणि पेडल खोल दाबूनही गाडी हवी तशी आवरत नाही. म्हणूनच मर्सिडीजने चालकाच्या पाठीमागे बिजागरीवर एक रुंद झडप बसवली होती. तरफ ओढली की ती उभी राही आणि वाराच गाडीला मागे रेटू लागे. ही युक्ती कल्पक होती खरी, पण माझ्या मते ती ड्रम ब्रेकच्या मर्यादेची कबुलीही होती.

दुसरा आक्षेप मात्र मला अर्धाच पटतो. डी-टाइपचा मागचा अखंड आस (दोन्ही मागची चाके जोडणारा एकसंध दांडा) खडबडीत रस्त्यावर उसळत असे, हे खरे. तरीही त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधील डन्ड्रॉडच्या अरुंद, चढउतारांच्या रस्त्यावरील शर्यतीत सर्वांत जलद फेरी पुन्हा हॉथॉर्नच्या डी-टाइपचीच होती. अखेरच्या टप्प्यात तिच्या इंजिनाने दगा दिला आणि मर्सिडीजने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. त्याच वर्षी इटलीतील सार्वजनिक रस्त्यांवरच्या मिल्ले मिलिया शर्यतीचे सुमारे १,६०० किलोमीटर मॉस आणि त्याचा मार्गदर्शक जेन्किन्सन यांनी ३०० एसएलआरमधून १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांत कापले. तशा रस्त्यावर डी-टाइप वरचढ ठरली असती, असे मी कधीही म्हणणार नाही.